वादळ येतंय म्हटलं की एकाच घरात प्रत्येकाला वेगळं का वाटतं?

प्रश्न असा आला आहे : ‘आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर एकविसाव्या मजल्यावर राहतो. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं अशी बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे बघत बसते. नवरा म्हणतो, दर वेळी हेच, शेवटी गुजरातला जातं. तो २००५ च्या २६ जुलैला दादरहून ठाण्यापर्यंत चालत आला होता, त्यामुळे त्याला कशाचंच काही वाटत नाही. सासूबाई श्रीवर्धनच्या, निसर्ग वादळात त्यांची वाडी गेली. वादळाच्या बातम्या लागल्या की त्या उठून आत जातात, काही बोलत नाहीत. नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, आपली बिल्डिंग पडेल का? माझंच काही चुकतंय का? अशा वेळी मुलाला घेऊन नाशिकला माहेरी जावं का?’

तुमचं काही चुकत नाही. मात्र तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती सासूबाईंच्या वाक्यापाशी, म्हणून उत्तराची सुरुवात त्यांच्यापासून करते. मी समुपदेशक आहे. ठाणे-नवी मुंबईत बावीस वर्षं काम करते आहे आणि निसर्गनंतरचे काही महिने श्रीवर्धन-म्हसळा भागात माझं सतत जाणं-येणं होतं.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, मधले झोत १२० पर्यंत. ठाण्यात त्या दिवशी पाऊस झाला, काही झाडं पडली आणि संध्याकाळी ‘मुंबई वाचली’ असे मेसेज फिरू लागले. त्याच वेळी श्रीवर्धनला वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते, आणि इथे ठाण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांना गावाकडच्या आईवडिलांची खबर लागत नव्हती. वर करोनाचे दिवस, एसटी बंद. तुमच्या घरी ते दिवस कसे गेले असतील याची मला कल्पना आहे.

नंतर एका आजोबांनी मला त्यांच्या वाडीत नेलं. आडव्या पडलेल्या पोफळींवरून पाय टाकत चालताना किती झाडं गेली ते त्यांनी सांगितलंच नाही. कोणती कोणी लावली ते सांगत होते. ही वडिलांनी, ही माझ्या मुंजीच्या वर्षी, ही थोरलीच्या जन्माच्या वेळी. पंचनाम्याच्या कागदावर त्यासाठी रकाना नसतो. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही साधारण तितकीच. सत्तरीच्या माणसाने ती वर्षं कुठून आणायची?

ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना पुढच्या वादळाची बातमी ही बातमी वाटत नाही. कौलं उडाल्याचा आवाज पुन्हा कानात येतो, ओल्या लाकडाचा वास येतो. सासूबाई आत जातात ते त्यापासून दूर राहायला. घरातले लोक अशा गप्प माणसाला ‘त्या शांत असतात’ असं म्हणून मोकळे होतात, आणि सगळ्यात जास्त सोसणारा माणूस सगळ्यात कमी विचारला जातो. त्यांना ‘इथे काही होणार नाही हो आई’ असा धीर देऊ नका. जे व्हायचं ते त्यांच्या बाबतीत होऊन गेलं आहे. वादळ नसताना, एखाद्या दुपारी भाजी निवडताना वगैरे, वाडीत काय काय होतं ते विचारा. बोलल्या तर ऐका, विषय बदलला तर बदलू द्या. आणि इशारा येईल तेव्हा टीव्हीचा आवाज बंद ठेवून त्यांना ठरलेलं एखादं काम द्या. कंदील, काडेपेटी, पिण्याचं पाणी, औषधांचा डबा, हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट जमेल. निसर्गनंतर मी जिथे जिथे गेले तिथे म्हातारी माणसं कामाला लागली की आवाज परत यायचा, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

आता यजमान. ते बेफिकीर नाहीत. त्यांना अनुभवाने एक धडा शिकवला आहे, फक्त तो अर्धा आहे. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ते चक्रीवादळ नव्हतं, पण आपल्या भागातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या मनात वादळ म्हटलं की तोच दिवस उभा राहतो. त्या पाण्यातून पंचवीस किलोमीटर चालून घरी पोहोचलेला माणूस मनाशी म्हणतो, मी निघू शकतो. संकटातून सुखरूप सुटलेल्यांचे दोन प्रकार मी पाहत आले आहे. एक म्हणतो ‘थोडक्यात वाचलो’, तो पुढच्या वेळी तयारी करतो. दुसरा म्हणतो ‘काही होत नाही’, तो करत नाही. अमेरिकेत हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांच्या, किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांच्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे. वादळ एकच असतं, सुटकाही एकच असते. तिची गोष्ट घरात कशी सांगितली जाते त्यावर पुढचं ठरतं.

‘शेवटी गुजरातला जातं’ हे त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. बिपरजॉय १५ जून २०२३ ला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकलं. तौक्ते १७ मे २०२१ च्या रात्री दीव-उनाच्या बाजूला जमिनीवर आलं. पण तौक्ते जाता जाता काय करून गेलं ते आठवा. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांनाच वाचवता आलं. म्हणजे आदल्या वर्षी आपल्याच किनाऱ्यावर ‘आलेल्या’ निसर्गने ठाण्या-मुंबईला फारसं काही केलं नाही आणि शेजारून ‘गेलेल्या’ तौक्तेने जास्त केलं. आलं की गेलं, हा प्रश्नच अपुरा आहे. किती जवळून जाणार, किती वेळ रेंगाळणार आणि तेव्हा भरती आहे का, हे विचारायला हवं.

हे आकडे घेऊन त्यांच्याशी वाद घालायला बसू नका, घरात कोणी आकड्यांनी बदलत नाही. एकच विचारा : त्या रात्री तुम्ही चालत होता तेव्हा घरी कोण वाट बघत होतं, आणि फोन लागत नसताना त्यांची रात्र कशी गेली? चालणाऱ्याला निदान पुढचं पाऊल टाकायचं असतं. वाट बघणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तुमची आजची स्थिती त्या वाट बघणाऱ्याची आहे, आणि हे त्यांना असं विचारूनच कळेल.

म्हणजे आता तुमच्याकडे येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लोकांना हाताला हलका विजेचा झटका बसणार होता. झटका नक्की बसणार हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यापेक्षा, बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा लोकांचा ताण जास्त होता. चक्रीवादळ हे चार-पाच दिवस चालणारं निम्मं-निम्मं आहे. पोटात गोळा येणं, झोप उडणं, मुलावर उगाच खेकसणं, हे सगळं शरीर त्या अनिश्चिततेशी झटत असल्याची लक्षणं आहेत. त्यात घाबरटपणा नाही. रात्री दोनला नकाशा उघडून तुम्ही खात्री शोधत असता, आणि ती तिथे नसते.

का नसते ते सांगते. भारतीय हवामान विभागाचा चोवीस तास आधीचा अंदाज अलीकडे खूप सुधारला आहे, तरी वादळाच्या केंद्राच्या जागेत सरासरी ७५ किलोमीटरच्या आसपास फरक पडतोच. अलिबागपासून ठाणे सरळ रेषेत साठेक किलोमीटर आहे. म्हणजे एक दिवस आधीसुद्धा अलिबाग की ठाणे, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. निसर्गच्या वेळी सुरुवातीला हरिहरेश्वर ते दमण एवढा पट्टा सांगितला होता, आणि आपण त्याच्या मधोमध होतो. मोबाइलवर जे जांभळे-लाल भोवरे दिसतात ते बऱ्याचदा एखाद्या संगणकी प्रारूपाचं आठ-दहा दिवसांनंतरचं चित्र असतं. दर सहा-बारा तासांनी ते बदलतं. काल वसईवर दिसलेलं वादळ आज ओमानला गेलेलं असतं, आणि तुम्ही दोन्ही रात्री जागलेल्या असता. कमी दाबाची कितीतरी क्षेत्रं तर वादळ न होताच विरून जातात.

हवामान विभागाच्या सूचना टप्प्याटप्प्याने येतात : साधारण ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा, आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतर कुठे काय होईल त्याचा अंदाज. माझा सगळा भर यावर आहे की भीतीला वेळापत्रक द्यावं, म्हणजे प्रत्येक टप्प्याला काम बांधून टाकावं. ‘कमी दाबाचं क्षेत्र’ या शब्दांवर काहीही करायचं नाही, कॅलेंडरवर एक खूण करून पुढे जायचं. अठ्ठेचाळीस तासांच्या इशाऱ्याला औषधं, टॉर्च, पॉवर बँक, आणि ग्रिलवरच्या कुंड्या आत. एकविसाव्या मजल्यावरून सुटलेली कुंडी खाली कोणाच्या डोक्यात पडेल हा विचार लोक करत नाहीत, तो आधी करा. वीज गेली की पंप आणि लिफ्ट बंद, म्हणून पाणी भरायचं. चोवीस तासांच्या इशाऱ्याला कोण कामावर जाणार, कोण नाही हे ठरवायचं, गाडी झाडाखालून आणि होर्डिंगजवळून काढायची. शेवटच्या बारा तासांत खिडक्या लावून, काचांपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये गाद्या. उंचावर वारा जास्त लागतो, सरकत्या खिडक्या शिट्टीसारख्या वाजतात. तो आवाज भयंकर वाटतो, हे आधी माहीत असलं तर निम्मं ओझं उतरतं.

वादळ जवळ असताना अधिकृत बुलेटिन दर तीन तासांनी निघतं. मधल्या वेळात नवं फारसं काही नसतं, जुनंच जास्त मोठ्या आवाजात सांगितलं जातं. सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणाआधी, एवढं बघा. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

नवी मुंबईतल्या मैत्रिणींना या वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती जास्त असते, आणि ती रास्त आहे. बेलापूर, वाशी, नेरूळचा बराच भाग सखल जमिनीवर उभा आहे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी तात्पुरतं साठावं म्हणून तिथे होल्डिंग पाँड बांधले गेले. ते गाळाने भरले की साठवण कमी होते. तिथल्या रहिवाशांनी वाऱ्याच्या आकड्याआधी भरतीची वेळ पाहावी.

तुमच्या पत्रात नसलेलं एक आता सांगते, कारण त्यावाचून हा विषय अपुरा राहतो. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मी पुष्कळ वेळा बसले आहे. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की तिथे भीतीची चर्चा कमी आणि दोरांची जास्त. होड्या वर ओढायच्या, नांगर दुहेरी, जाळी आत. पण एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मला जे सांगितलं ते मी विसरत नाही : ‘ताई, वादल आला तर होडी जाते, आनी नाय आला तर म्हयना जातो.’ मे महिना म्हणजे पावसाळी बंदीच्या आधीची शेवटची कमाई. डिझेल भरलेलं, बर्फ घेतलेला, आणि बावटा. वादळ वळून गेलं की आपण सुटकेचा निश्वास टाकतो, त्यांच्या घरात उधारी वाढलेली असते. त्यांचा राग वेधशाळेवर निघतो तेव्हा त्यांना अडाणी म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. मला ते सहन होत नाही. चुकलेल्या इशाऱ्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, एवढंच त्यात असतं.

तसंच कळव्या-मुंब्र्याच्या डोंगरउताराचं, तुर्भ्याच्या वस्त्यांचं. पत्र्यावर दगड, जुने टायर, ताडपत्री. महापालिकेचे लोक सांगून जातात, शाळेत चला. लोक हलत नाहीत आणि बाहेरून दिसतं की यांना कळत नाही. मी आत बसून विचारलं तेव्हा कारणं निघाली ती अशी : घर उघडं टाकलं तर सिलिंडर जाईल. शाळेतल्या संडासाला कडी नाही, वयात आलेली मुलगी आहे. शेळीला कुठे ठेवू. कागदपत्रं भिजली तर पुन्हा कोण देईल. यातलं एकही कारण अंधश्रद्धेचं नाही. २००५ साली कतरिना हरिकेन आलं तेव्हा अमेरिकेतही न्यू ऑर्लिन्समध्ये मागे राहिलेल्या अनेकांकडे गाडी नव्हती, पैसे नव्हते. उलट ओडिशा बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ ला फनी आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक वेळेत हलवले गेले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. लोकांचा स्वभाव वीस वर्षांत बदलला नव्हता. जायला पक्की निवारागृहं होती, आणि सांगायला येणारा माणूस गावातलाच होता. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई अशाच एखाद्या घरातून येत असतील, तर धोक्याच्या इशाऱ्याच्या दिवशी त्यांना पगारी सुट्टी द्या आणि कागदपत्रं ठेवायला प्लास्टिकची जाड पिशवी द्या.

मुलाचं सांगते. त्याला ‘काही नाही रे’ म्हणून गप्प करू नका. खरं सांगा : अशा वाऱ्याने आपली काँक्रीटची बिल्डिंग पडत नाही. काच फुटू शकते, झाड पडू शकतं, पत्रे आणि बोर्ड उडू शकतात, म्हणून आपण आत बसणार आहोत. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेव्हा कोणतंही नाव असलेलं वादळ नव्हतं, नुसता वळवाचा झोत होता. मुलाला ही बातमी सांगू नका, पण बाहेर असताना वारा सुटला तर होर्डिंग आणि झाडाखाली थांबायचं नाही, हे मात्र शिकवा. मुलं धोका आपल्या चेहऱ्यावर वाचतात. त्याच्याकडे टॉर्चची जबाबदारी द्या. वादळांना नावं कशी मिळतात ते सांगा : तेरा देश नावं सुचवतात, ‘निसर्ग’ बांगलादेशाने दिलं, ‘तौक्ते’ म्यानमारने, आणि त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी एक पाल. नऊ वर्षांच्या मुलाला ती पाल पुरते.

आणखी एक भावना आहे, जी कोणी कबूल करत नाही : उत्सुकता. ढग दाटले, वारा सुटला की अंगात काहीतरी संचारतं. गायमुखला, पाम बीचला गाड्या थांबतात, मोबाइल बाहेर येतात. हे वाटणं स्वाभाविक आहे, त्याची लाज वाटू देऊ नका. पण बिपरजॉय शेकडो किलोमीटर लांब असताना जुहूच्या समुद्रात मुलं बुडाली होती. हौस खिडकीच्या आतून फेडा.

नाशिकला जायचं का? माझं मत : बहुतेक वेळा नको. तुमचं घर भक्कम आहे. वाऱ्यापावसात कसाऱ्याच्या घाटात गाडीत अडकणं त्याहून वाईट. घरात डायलिसिसवरचं, ऑक्सिजनवरचं किंवा दिवस भरत आलेलं कोणी असेल तर गोष्ट वेगळी, मग अठ्ठेचाळीस तासांच्या इशाऱ्यालाच निघा. शेवटच्या दिवशी निघू नका. आणि निघालात तर सासूबाईंना मागे ठेवून निघू नका.

ही धास्ती वादळ नसतानाही राहत असेल, साध्या पावसालाही छाती धडधडत असेल, सासूबाईंचं जेवण-झोप तुटली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

राहिला तो वादळ वळून गेल्यानंतरचा दिवस. त्यावर कोणी बोलत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात नाजूक असतो. भरलेल्या बादल्या पडून असतात, कुंड्या हॉलमध्ये चिखल करून बसलेल्या असतात, आणि कोणीतरी म्हणतं, ‘बघ, उगाच एवढं केलंस.’ तुम्हाला ओशाळल्यासारखं होतं आणि मनात पक्कं होतं की पुढच्या वेळी गप्प बसायचं. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कुंड्या परत बाहेर न्या. बादल्यांचं पाणी कपड्यांना वापरा. काय विसरलं होतं ते मुलाला एका कागदावर लिहायला लावा : सेल संपलेले होते, रक्तदाबाच्या गोळ्या चारच उरल्या होत्या, पाण्याच्या कॅनला झाकण नव्हतं. तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. आणि त्या संध्याकाळी यजमानांनी श्रीवर्धनला फोन लावून तिकडे काय झालं ते विचारावं, सासूबाईंना ऐकू जाईल असा.